एका कानाचा उंदीर

मूर्ती समोर आली तेव्हा कमळाकरने आधी तिचे डोळे पाहिले, कारण तेच त्याचं काम. पेणमधल्या रघूदादांच्या गणपतीच्या कारखान्यात अकरा माणसं राबत होती आणि डोळे काढायचे ते एकट्या कमळाकरने, असा गेल्या दोन वर्षांचा रिवाज होता. ही मूर्ती मात्र कारखान्यातली नव्हती. रोह्याच्या एका दुकानदाराने मागच्या वर्षी न खपलेल्या नऊ मूर्ती पेंढ्यात गुंडाळून टेम्पोने पाठवल्या होत्या. जुना रंग घासा, नवा द्या, आणि डोळे जरा पेणचे वाटतील असे करा, एवढाच त्याचा निरोप. कुणा नवशिक्याने काढलेले ते डोळे एकमेकांशी भांडण झाल्यासारखे दोन दिशांना बघत होते. कमळाकरला हसू आलं. त्याने पॉलिश पेपर ओला केला, मूर्ती कलती केली, आणि पाटाच्या कोपऱ्यात बसलेल्या उंदरावर त्याचा अंगठा गेला. उंदराला उजवा कान नव्हता. तुटला असता तर खरखरीत लागला असता. इथे कानाच्या जागी गुळगुळीत गोल माथा होता, जन्मापासून तसाच असल्यासारखा. त्याने दुसरी मूर्ती उचलली, मग तिसरी. नऊच्या नऊ उंदीर एका कानाचे. कमळाकरच्या हातातला पॉलिश पेपर पाण्याच्या टोपात पडला.

तो उंदीर त्याचा होता. पंधरा वर्षांपूर्वी, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हा, याच पडवीत त्याला साच्यातून मूर्ती काढायला बसवलं होतं आणि त्याला घाई नडली होती. प्लास्टर पुरतं धरायच्या आत त्याने साचा ओढला, मूर्ती निघाली, पण उंदराचा उजवा कान आत साच्यातच राहिला. लगेच कोरून काढला असता तर पाच मिनिटांचं काम. पण रघूदादा मागेच उभे होते आणि मार खायची हिंमत नव्हती, म्हणून कमळाकर गप्प बसला. कान साच्यात वाळला, घट्ट झाला, कानाची खोबण भरून गेली, आणि त्या साच्यातून पुढे निघालेला प्रत्येक उंदीर एका कानाने जगात आला. तीनेकशे तरी निघाले असतील. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराचे कान मोजायला कोण जातंय, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली होती. साचा पुढे झिजला, फेकला गेला, आणि त्याच्या लेखी ते प्रकरण तिथेच संपलं. पण संपलं नव्हतं. कुणीतरी त्यातलीच एक मूर्ती विकत घेऊन तिच्यावरून आपला साचा घेतला असणार. त्या साच्याच्या मूर्तीवरून आणखी कुणीतरी. कारण या नऊ मूर्तींच्या डाव्या दाताचं टोकही बोथट होतं आणि ते बोथट टोक काही कमळाकरचं नव्हतं. ती वाटेत कुणा दुसऱ्याने घातलेली भर. त्याची चूक पंधरा वर्षं हातोहात फिरून, दुसऱ्याची चूक सोबतीला घेऊन, टेम्पोत बसून घरी आली होती.

एरवी माणूस अशा गोष्टीवर हसला असता आणि चहाच्या वेळी दहा जणांना सांगत बसला असता. कमळाकरने मात्र मूर्ती खाली ठेवली, कारण चार आठवड्यांपूर्वी रोह्यात एका डॉक्टरबाईंनी त्याला कागदावर नेमकं हेच काढून दाखवलं होतं. वाचनालयामागच्या खोलीत दर गुरुवारी पुण्याच्या एका संस्थेची माणसं यायची. सुईने नशा करणाऱ्या, किंवा कधीकाळी केलेल्या पोरांचं रक्त घ्यायची, बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यातून पुण्याला न्यायची. नाव विचारायची नाहीत. नळीवर फक्त आकडा. कमळाकरचा आकडा चौदा. त्याच्या रक्तात एक कावीळ लपून बसली होती, सी नावाची. चार वर्षांपूर्वी डोळे पिवळे करून ती गेली असं त्याला वाटलं होतं, पण ती आत घर करून राहिली होती. डॉक्टर अनिताबाई चाळिशीच्या, बोलताना चष्मा काढून हातात धरणाऱ्या. त्यांनी सांगितलं की या विषाणूला शरीरात सारखी आपली नक्कल करावी लागते, आणि नक्कल करताना तो चुकतो. ती चूक पुढच्या नकलेत उतरते, तिच्यात आणखी चूक पडते. चारच अक्षरांत लिहिलेला त्याचा मजकूर पुण्याला यंत्रावर वाचता येतो, आणि ज्यांच्या रक्तात सारख्या चुका सापडतात ते सगळे एका साखळीतले. सोबतच्या दोन पोरांना ते काही उमगलं नाही. कमळाकर मात्र बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवायला लागला होता. साचा, तो म्हणाला होता, साच्यासारखंच की. आणि उंदराचा कान तेव्हाच त्याला आठवायला हवा होता, पण माणूस आपल्या सोयीचं विसरतो.

बाईंनी मग झाडासारख्या रेघा काढल्या. फांद्या, फांद्यांना फांद्या, टोकांना आकडे. एका बाजूला जुनी मंडळी, त्यात चौदा. दुसऱ्या बाजूला याच वर्षी लागण झालेली पाच पोरं, काहींना दाढीही नव्हती. आणि दोन फांद्या जिथे जुळाव्यात की न जुळाव्यात अशा जागी बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. इथे कुणीतरी एक आहे, त्या म्हणाल्या, जो दोन्हीकडच्यांसोबत बसलेला आहे आणि अजून आमच्याकडे आलेला नाही. तो आला तर कळेल की या पोरांना जुन्याच साखळीतून आलंय की कुठे नवीन काही सुरू झालंय. ते कळलं की कुठे तोडायचं ते कळेल. त्यांनी नाव घेतलं नाही, त्यांना माहीतही नव्हतं. कमळाकरला माहीत होतं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे सुफियान, त्याचा रोह्याचा जुना मित्र, जो मागच्या वर्षी या पोरांसोबत बसल्याचं त्याच दिवशी बाकावर त्याच्या कानावर आलं होतं. कोणी कोणाला दिला तेही यातून कळतं का, असं त्याने विचारलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. इतकं सरळ नसतं, त्या म्हणाल्या, दोघांच्याही शरीरात तो पुढे बदलत राहिलेला असतो. आणि आम्ही गुन्हेगार शोधायला आलेलो नाही. पण कमळाकरने आपल्या मनात हिशेब मांडून टाकला होता. माझ्यातल्या सगळ्या जुन्या चुका त्याच्यात असतील आणि वर त्याच्या स्वतःच्या दोन, तर साचा मी. तिथून तो जो उठला तो सुफियानच्या घराच्या पायरीपर्यंत जाऊन परत आला, आणि तीन गुरुवार त्याने काही ना काही कामात घालवले. आज चौथा गुरुवार होता.

रघूदादा शाडू मळणाऱ्या बायकांशी हुज्जत घालत होते. कमळाकर मूर्ती घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. हा कान माझ्याकडून गेला होता, तो म्हणाला, पंधरा वर्षांपूर्वी, मी तुम्हाला सांगितलं नाय. रघूदादांनी मातीचे हात धोतराला पुसले, मूर्ती उन्हाकडे धरली, उंदराकडे पाहिलं आणि मग कमळाकरकडे.

"मला तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले. "दुसरा उंदीर निघाला तेव्हाच."

"मग बोललात का नाय?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. पंधरा वर्षं लावलीस गाढवा."

एवढं बोलून ते परत बायकांकडे वळले. पण दोन पावलांवर थांबून म्हणाले की, साचा गेला तो गेला, तो काही आता सापडायचा नाही, पण या नऊ तर हातात आहेत ना, यांना कान लाव. कमळाकर बसला. मातीचे नऊ चिमुकले कान त्याने चिमटीत वळले आणि एकेका उंदराच्या माथ्यावर पाण्याचं बोट फिरवून बसवले. नववा कान बसवून झाला तेव्हा दहाही वाजले नव्हते. त्याला वाटलं होतं सांगितलं की काहीतरी कोसळेल, आणि इथे तर पलीकडच्या अंगणात पोह्यांचे पापड वाळत होते, एक कावळा त्यांच्याकडे बघत होता, सगळं जिथल्या तिथे होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याचाच राग आला. त्याने ब्रश धुतले, रघूदादांना रोह्याला जातो म्हणून सांगितलं आणि एसटी स्टँडची वाट धरली.

गाडीत खिडकी मिळाली. वडखळला अलिबागकडचे उतरले आणि दूरवर मिठाचे पांढरे ढीग दिसायला लागले. त्याच्या बायकोचं, सरूचं माहेर तिकडचं, मिठागराचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि लग्नाआधी त्याने तिला सगळं सांगितलं होतं. तेवढी एक गोष्ट त्याने आयुष्यात वेळेवर सांगितली. तिचं रक्त बाईंनी तपासलं तेव्हा ते स्वच्छ निघालं. त्या दिवशी कमळाकर वाचनालयाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता आणि सरू त्याला ऊठ, लोक बघतात, म्हणत स्वतःच डोळे पुसत होती. सुफियानचं तिला त्याने परवा सांगितलं. ती मासे निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही गेलात तर येल तो. नाय गेलात तर हितंच बसाल देवाचे डोळे काढत न् स्वतःचे झाकून." बाईमाणूस असं बोलतं आणि परत माशाकडे बघतं, आणि ऐकणाऱ्याला रात्रभर झोप नसते.

नागोठण्याच्या पुढे गाडी वळली आणि त्याला ती खोली आठवली, जी आठवायचं तो टाळत होता. एकोणीसशे चौऱ्याण्णव. तेव्हा त्याने पेण सोडलं होतं, मातीत काय ठेवलंय म्हणून, आणि रोह्याशेजारी धाटावच्या रंगाच्या कंपनीत लागला होता. सुफियान त्याच शिफ्टला. दोघांचे हात कधी निळे, कधी लाल. साबणाने न जाणारा रंग. पहिली शिफ्ट सुटली की तीन वाजता कमळाकरच्या भाड्याच्या खोलीवर चौघे-पाच जण जमायचे. आधी चांदीच्या कागदावरची धुराची नशा होती, मग ती पुरेना, मग कुणीतरी दुखण्यावरच्या इंजेक्शनच्या काचेच्या बारक्या कुप्या आणायला लागलं. पिचकारी एक, सुई एक. गरम पाण्याने धुतली की झालं, असा सगळ्यांचा पक्का समज. नस धरायचं काम कमळाकरचं. पेणचा हात, सुफियान सगळ्यांना सांगायचा, देवाच्या पापण्या काढलेला हात हाय, नस चुकायची नाय. आणि खरंच चुकायची नाही. फक्त एक अडचण होती. घेतल्याशिवाय तो हात थिरावत नसे. दुपारपर्यंत बोटं कापायला लागलेली असायची. म्हणून नियमच पडला होता की आधी कमळाकरने स्वतःला टोचायचं, हात थिरावेपर्यंत थांबायचं, आणि मग त्याच सुईने बाकीच्यांना. पहिला नेहमी तो, दुसरा नेहमी सुफियान. त्या क्रमाचा त्या वेळी त्याला अभिमान वाटायचा. आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही असं वाटायचं. चार वर्षं तो क्रम त्याच्या डोक्यात फिरत होता: मी, सुफियान, मी, सुफियान. मी, आणि मग सुफियान.

ती खोली वाईट होती असं म्हणून त्याला सुटता येत नव्हतं, हीच त्यातली मेख. कारण त्याच खोलीत सुफियानने त्याला कोकणी गाणी शिकवली होती, त्याच खोलीतून उठून ते सुफियानच्या अम्मीकडे, जुबेदाखालाकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खायला जायचे, आणि खाला, या दोघांना काय झालंय हे कळत असून, पोटभर वाढायची. मग कमळाकरचे डोळे पिवळे झाले. आई येऊन त्याला पेणला घेऊन गेली. रघूदादांनी परत ठेवून घेतला, पण वर्षभर ब्रशला हात लावू दिला नाही. बोटं थांबेपर्यंत घासकाम कर म्हणाले. ते वर्ष कसं गेलं ते कमळाकरने कुणाला सांगितलेलं नाही. सहा महिन्यांनी रोह्याहून कुणी आलं त्याने सहज सांगितलं की सुफियानलाही कावीळ झाली होती, बरा आहे आता, सहा आसनी रिक्षा चालवतो. त्या दिवसापासून कमळाकर रोह्याला गेला की कुंडलिका नदीच्या पुलाच्या अलीकडेच काम उरकून परत यायचा. मित्र कसा आहे हे विचारायला त्याला तोंड नव्हतं. आणि विचारलं नाही म्हणून तोंड आणखी कमी कमी होत गेलं.

सुफियानच्या दारात जुबेदाखालाच होती, सुपातले तांदूळ निवडत. तिने मान वर केली, डोळे बारीक केले. इतक्या वर्सांनी वाट सापडली होय रे, ती म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवून आत चहा टाकायला गेली. रागावण्याएवढा वेळ तिच्याकडे नव्हता. सुफियान आतल्या खोलीत जेवणाआधी पडला होता. वाळला होता, पण तसाच होता. हसला की एक गाल आधी हसायचा तोही तसाच. त्याची बायको नफिसा भिंतीला टेकून उभी होती, सात महिन्यांची पोटुशी. चार वर्षांचं न बोललेलं दोघांच्या मध्ये आडवं पडलं होतं आणि दोघेही त्याला ओलांडून रिक्षाबद्दल, पेणच्या उकाड्याबद्दल, कंपनी बंद पडणार म्हणतात त्याबद्दल बोलत राहिले. चहा आला. खालाचा चहा पूर्वीसारखाच, साखर ओतलेला. तो संपला आणि मग सबब उरली नाही.

तू त्या डॉक्टरबाईंकडे का जात नाहीस, कमळाकरने विचारलं. सुफियानने नफिसाकडे पाहिलं. ती हलली नाही. उलट म्हणाली की मी पण रोज हेच विचारते, कमळाकरभाय, मला सांगत नाय, तुम्हाला सांगतो का बघा. सुफियान कपातला गाळ गोल फिरवत होता. बाहेर नदीकडून वारा आला आणि त्याबरोबर धाटावचा तो वास, गोडसर, जुना. कमळाकरच्या बोटांना क्षणभर वाटलं की आपण अजून निळी आहोत.

"ते कागदावर झाड काढतात ना," सुफियान म्हणाला. "कोणाचं कोणाशी जुळतं ते. मला सलीमने सांगितलं, तो देऊन आला रक्त. माझं तुझ्याशी जुळलं तर?"

"तर जुळलं."

"तर मला तुझा राग धरावा लागेल. मला तो धरायचा नाय कमळ्या. आता निदान माहीत नाय. माहीत नाय म्हणून बरं चाललंय."

कमळाकर यासाठी तयार नव्हता. गेली चार वर्षं त्याने या भेटीची इतकी रूपं मनात रचली होती. त्यात सुफियान ओरडायचा, त्यात खाला शाप द्यायची, एकदा तर नफिसाने पाण्याचा तांब्याही फेकला होता. सुफियान आपल्यासाठीच घरात लपून बसला असेल, आपल्यावर राग धरावा लागू नये म्हणून औषधाकडे पाठ फिरवून बसला असेल, हे कुठल्याच रूपात नव्हतं. त्याला वाटलं, यापेक्षा तांब्या परवडला असता. आणि त्याच वेळी, खोलीत उकडत असताना, हातात रिकामा कप असताना, त्याला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं, कारण असा मित्र आपल्याला होता आणि तो जिवंत होता, समोर बसला होता, त्याच्या बनियनला भोक होतं. साच्यात अडकलेला एक कान सकाळी त्याने रघूदादांना सांगून कोरून काढलाच होता. आता दुसरा काढायचा होता.

"आधी मी टोचायचो, मग तुला," तो म्हणाला. "दर वेळी. मला चार वर्षं तेच दिसतंय. तू राग धर सुफियान. पायजे तेवढा धर. पण रक्त दे."

मग कमळाकरने बाकीचं सांगितलं, घाईघाईने, जसं सुचेल तसं: त्या कागदावरची पाच पोरं, प्रश्नचिन्ह, तुझ्या रक्तावाचून बाईंना कळत नाही की ती पोरं कुठून लागली आणि पुढची कशी वाचवायची. लिव्हर किती बिघडलंय ते आत्ता कळलं तर सांभाळता येतं. औषधं निघतायत, मुंबईत काही जणांना देतायत, उद्या स्वस्त होतील. सरूचं स्वच्छ निघालं हेही सांगितलं, आणि ते सांगताना नफिसाने पोटावर हात ठेवलेला त्याने पाहिला. पाच पोरं म्हटल्यावर सुफियानची मान वर झाली होती. त्यातली तीन कोण असतील ते त्याला माहीत होतं. त्याने नावं घेतली नाहीत. मागच्या वर्षी दोनचार वेळा तो परत बसला होता, ते नफिसालाही ठाऊक नव्हतं, ते त्याने आत्ता, तिच्याकडे न बघता, भिंतीला सांगितलं. नफिसाने डोळे मिटले. जरा वेळाने ती आत गेली आणि बुरखा घालून बाहेर आली. मी निघाले, ती म्हणाली, माझं रक्त द्यायला. ज्याला यायचं त्याने यावं. खालाने सुफियानचा सदरा खुंटीवरून काढून त्याच्या अंगावर टाकला.

वाचनालयामागच्या खोलीत पंखा चालू होता आणि बाकावर दोन पोरं मान घालून बसली होती. अनिताबाईंनी चौदा नंबरला ओळखलं, बरोबरच्या दोघांकडे पाहिलं, आणि काही न विचारता चष्मा काढून हातात घेतला. नफिसाचं रक्त चटकन निघालं. मग सुफियान बसला. सिस्टरने त्याच्या डोळ्यांसमोर नव्या सिरिंजचं पाकीट फोडलं. कागद फाटल्याचा तो बारीक आवाज कमळाकरला नीट ऐकू आला. एका पाकिटाएवढंच अंतर होतं, त्याला वाटलं, सगळ्या गोष्टीत. कोपराच्या खोबणीत सिस्टरने नस शोधली, सापडली नाही. दुसऱ्या हातावर टोचलं, काही आलं नाही. परत टोचलं. त्या नसा केव्हाच दोरीसारख्या कडक होऊन आत दडल्या होत्या. सिस्टर हळू हाताची होती, पण तिच्या कपाळावर घाम आला. सुफियान हसला, एक गाल आधी. राहू दे सिस्टर, तो म्हणाला, सुकलो मी. आणि बाही खाली ओढून उठायला लागला.

"अंगठ्याच्या बुडाशी," कमळाकर म्हणाला. "डाव्या हाताला. मनगटाच्या बाहेरच्या अंगाला एक हाय."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ती नस त्याने त्या वेळी राखून ठेवली होती. बाकीच्या सगळ्या वापरल्या, पण तिथली कातडी पातळ, दुखतं फार, म्हणून सुफियान नको म्हणायचा आणि कमळाकर ऐकायचा. सिस्टरला ती दिसेना, कारण ती दिसतच नव्हती; ती फक्त कमळाकरच्या बोटाला माहीत होती. त्याने अनिताबाईंकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि रबरी हातमोजे पुढे केले. कमळाकरने ते चढवले. चार वर्षांनी तो हात हातात घेताना मध्ये काहीतरी होतं, आणि तेच किती बरं होतं. त्याने मनगट चोळून ऊब आणली, अंगठा जरा खाली दाबला, आणि तर्जनी ठेवून थांबला. त्याला भीती एकच होती. आपला हात, सुफियानचा हात आणि शेजारी सुई, असं तिन्ही एकत्र आलं की आपली बोटं जुन्या सवयीने कापायला लागतील. तो वाट पाहत राहिला. बोटाखाली, खोल, एक बारीक गादी वर आली, दाबली की खाली जायची, सोडली की परत वर. बोट मात्र जिथे ठेवलं होतं तिथेच होतं.

सुफियान सुईकडे बघत नव्हता. तो कमळाकरच्या बोटाकडे बघत होता.

"आधी काय घेतलं नायस ना?" त्याने हळूच विचारलं.

"चा घेतला. तुझ्या अम्मीच्या हातचा."

सुफियान इतका हसला की सिस्टरला हलू नका म्हणावं लागलं. मग तिने कमळाकरच्या बोटाच्या जरा पुढे सुई टेकवली, सुफियानने दात आवळले, आणि नळीत रक्त आलं, गडद, संथ, न थांबता. बाकावरच्या दोन पोरांपैकी एकाने मान वर करून पाहिलं. नळी भरली, सिस्टरने तिच्यावर एकोणीस आकडा लिहिला आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फात उभी केली. निकाल यायला दोन महिने लागतील, अनिताबाई म्हणाल्या, तोवर दोघांनी दारूला शिवायचं नाही. सुफियानने विचारलं की दोघांनी एकत्र येऊन निकाल घेतला तर चालेल का, आणि बाई म्हणाल्या, तुमची दोघांची हरकत नसेल तर माझी कशाला असेल. सुई निघाल्यावर सिस्टरने कापसाचा बोळा दिला आणि सुफियानला तो दाबून धरायला सांगितलं. पण तो आधीच कमळाकरने धरला होता, आणि रक्त थांबलं तरी बराच वेळ त्याने बोट उचललं नाही.